अर्धा मिनिट आणि सातवा टिपर

तुम्ही मुख्यतः तीन गोष्टी विचारल्यात. एमएस्सीला शिकलेलं लिनिअर प्रोग्रॅमिंग (अटी पाळून सगळ्यात फायद्याची वाटणी काढायचं गणित) आणि रांगांचं गणित वेंगुर्ला तालुक्यातल्या एका लहान लोहखनिजाच्या खाणीत खरंच चालतं का? चालत असेल तर सुरुवात कुठून करायची? आणि मॅनेजरसाहेबांनी विचारलेल्या "ऑक्टोबरपासून टिपर किती लावायचे?" याचं उत्तर काय द्यायचं? मी तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

सिंधुदुर्ग आणि गोवा मिळून तीसेक वर्षं मी खाणींच्या नियोजनात काढली. त्यातून एक गोष्ट पक्की सांगतो. आपल्याकडे ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे कामाचे निर्णय गणितानं घ्यायचं शास्त्र, फसतं ते गणित चुकल्यामुळे क्वचितच. गणितात कुणाचा खर्च धरला आणि कोणती गोष्ट मर्यादा म्हणून मांडली, हे न ठरवता संगणकापुढे बसलं की फसतं. समीकरण सोडवायला यंत्र आहे, पण हे ठरवणं तुमच्याकडेच राहतं.

तर आधी टिपर. मायनिंग मेटला, म्हणजे पाळीच्या मुकादमाला, सांगून, हेल्मेट घालून, पोकलेन दिसेल अशा सुरक्षित जागी वही-घड्याळ घेऊन चार दिवस बसा. प्रत्येक टिपरच्या पाच वेळा लिहा: पोकलेनपाशी लागल्यापासून भरून हलेपर्यंत, भरलेला स्टॅकयार्डला (माल साठवायच्या आवाराला) पोचेपर्यंत, खाली करायला, रिकामा परत यायला, आणि परत आल्यावर रांगेत उभं राहायला. ही पाचवी वेळ कुठल्याच रजिस्टरात नसते. वजनकाट्याच्या चलनावरून फेऱ्या किती झाल्या ते कळतं, पण थांबणं किती झालं ते कळत नाही. पहिल्या दिवसाचे आकडे बाजूला ठेवा. कुणी घड्याळ लावून बसलंय म्हटल्यावर ऑपरेटरचा हात वेगळा चालतो.

समजा भरायला ४ मिनिटं, जायला ९, खाली करायला २ आणि यायला ७ अशी सरासरी निघाली. म्हणजे फेरी २२ मिनिटांची. २२ भागिले ४ म्हणजे साडेपाच. ऑफिसात कुणीही म्हणेल, सहा टिपर लावा, पोकलेन रिकामा राहणार नाही, तासाला १५ फेऱ्या निघतील. या हिशेबाला धंद्यात मॅच फॅक्टर म्हणतात आणि ठोकळ अंदाजाला तो बरा आहे. पण ४ मिनिटं ही सरासरी आहे. एखादा टिपर तीन मिनिटांत भरतो, एखाद्याच्या वेळी मोठा दगड आडवा येतो आणि सात मिनिटं जातात. तेवढ्यात मागे तिघे जमतात, मग तिघे एकामागोमाग निघून जातात आणि पोकलेन हात वर करून उभा राहतो.

यासाठी तुम्ही शिकलेली मर्यादित गिऱ्हाइकांची रांग वापरायची, म्हणजे तीच ठरावीक गिऱ्हाइकं फिरून फिरून येतात अशी. हे काही पुस्तकी लाड नाहीत. अर्नेस्ट कोनिग्सबर्ग यांचा चक्राकार रांगांवरचा १९५८ चा निबंध कोळसा खाणीतल्या यंत्रांचा क्रम बघूनच लिहिलेला आहे. एक्सेलच्या चार रकान्यांत हे गणित मावतं. तत्त्व एवढंच, की सहावा टिपर परत येतो तेव्हा त्याला पुढे सरासरी तेवढेच टिपर भेटतात, जेवढे पाच टिपरांच्या खाणीत पोकलेनपाशी असले असते. एका टिपरपासून सुरू करून पायरीपायरीनं वर जायचं. भरण्याची ४ मिनिटं आणि बाकीची १८ धरून मी ते केलं, तर तासाच्या फेऱ्या अशा येतात: पाच टिपरांना ११.४, सहांना १२.७, सातांना १३.६, आठांना १४.३. हे वेळांचा चढउतार खूप धरून काढलेले आकडे आहेत. तुमचा खरा आकडा हा आणि कागदावरचा १५ यांच्या मधे कुठेतरी पडेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. याच तक्त्यात टिपर सहाच ठेवा आणि भरण्याची वेळ ४ वरून साडेतीन मिनिटं करून बघा. तासाला १३.७ फेऱ्या येतात. म्हणजे पोकलेनपाशी वाचलेलं अर्धं मिनिट सातव्या टिपरएवढं काम करतं. आणि ते अर्धं मिनिट मिळतं कुठून? पोकलेन टप्प्यावर (खणलेल्या पायरीवर) आणि टिपर खालच्या पातळीवर उभा केला, की बकेट उंच उचलावी लागत नाही. टिपर असा लावला की पोकलेनला पाव वर्तुळापेक्षा जास्त फिरावं लागू नये. मोठे दगड आधीच्या पाळीत बाजूला काढून ठेवले. पुढचा टिपर आधीच पाठ करून तयार उभा राहील एवढी जागा सपाट केली. यात सातव्या टिपरएवढं डिझेल लागत नाही. मी फोरमनला पहिल्यांदा हे दोन आकडे शेजारीशेजारी दाखवले तेव्हा तो काही बोलला नाही, उठून जागा सपाट करायला डोझर पाठवला.

पण मॅनेजर विचारतील, आठ का नकोत? टिपर भाड्याचे, पैसे टनावर, रांगेत उभं राहण्याचे आपण कुठे देतो? कंपनीच्या वहीत पाहिलं तर त्यांचं बरोबर आहे. आठवा टिपर कंपनीला फुकट पडतो. तो फुकट पडत नाही टिपरवाल्याला. दहा तासांच्या कामात सहा टिपर असताना एकेकाच्या २१ फेऱ्या होतात, आठ असताना जेमतेम १८. रोज तीन फेऱ्यांची ही तूट आजूबाजूच्या वाड्यांतल्या माणसांच्या अंगावर जाते, ज्यांनी बँकेचं कर्ज काढून गाडी घेतलीय आणि ज्यांचा हप्ता पावसाळ्यातही चुकत नाही. मग तूट भरून काढायला गाडी वेगात हाकली जाते, वजन जास्त भरलं जातं, आणि उतारावरच्या वळणाला ज्याची भीती असते ते घडतं. म्हणून मी रांगेतल्या मिनिटांना नेहमी किंमत लावत आलो, कंपनी ती देत असो वा नसो. तुम्हीही लावा, आणि तक्त्यात वेगळ्या रकान्यात दिसेल अशी लावा. ऑक्टोबरचं माझं उत्तर: सहा टिपर, सपाट जागा, आणि सातवा नोव्हेंबरच्या मोजणीनंतर.

आता लिनिअर प्रोग्रॅमिंग. त्याची खरी जागा मिश्रणात आहे. सोपं उदाहरण घेऊ. वरच्या टप्प्याचा माल ६१ टक्के लोह, ३ टक्के अॅल्युमिना (खरेदीदाराला नको असलेली भेसळ). खालच्या टप्प्याचा ५५ टक्के लोह, ६ टक्के अॅल्युमिना. खरेदीदाराला लोह ५८ च्या खाली नको आणि अॅल्युमिना ४ च्या वर नको. खालचा माल जास्तीत जास्त खपवायचा आहे, कारण चांगला माल एकदा संपला की खालच्याला एकट्याला गिऱ्हाईक मिळत नाही. १००० टनांच्या ढिगात लोहाच्या अटीनं खालचा ५०० टन चालतो. अॅल्युमिनाच्या अटीनं ३३३ टनच. खाणीत सगळे दिवसभर लोहाच्या टक्केवारीबद्दल बोलत असतात आणि हात बांधलेले असतात अॅल्युमिनानं! सॉल्व्हर (हे गणित सोडवणारं एक्सेलमधलं साधन) उत्तरासोबत प्रत्येक अटीची छाया किंमत देतो, म्हणजे ती अट थोडी सैल झाली तर किती फायदा होईल ते. लोहाची शून्य येईल. म्हणजे खरेदीदाराशी घासाघीस करून लोहाची अट ५७ वर आणली तरी एक टनही जास्त खपणार नाही. अॅल्युमिनाची अट ४.३ झाली तर १०० टन जास्त खपेल. बोलणी करायला जाणाऱ्या माणसाच्या खिशात हा एक आकडा असला तरी तुमचा पगार वसूल झाला.

पण इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. ६१, ५५, ३, ६ हे आकडे आपण देवानं सांगितल्यासारखे धरतो. ते नमुन्यांवरून काढलेले अंदाज असतात. एका खाणीवर सुरुवातीच्या वर्षांत मी मे महिन्याचा ढीग अॅल्युमिनाच्या मर्यादेला अगदी टेकून बांधला. कागदावर उत्तम उत्तर होतं. भरणीच्या वेळच्या तपासणीत माल मर्यादेबाहेर गेला आणि दरात कपात झाली. नंतर शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की यात नशिबाचा काही दोष नव्हता. सरासरी बरोबर मर्यादेवर ठेवली तर निम्म्या वेळा माल बाहेर जाणारच. तुम्ही संख्याशास्त्राच्या आहात, तुम्हाला हे माझ्याआधी दिसलं असतं. म्हणून लक्ष्य ४ ऐवजी ३.८ ठेवा. त्यात खालचा माल ३३३ वरून २६७ टनांवर येतो. हे ६६ टन म्हणजे तुमच्या अज्ञानाची किंमत. जास्त नमुने घेऊन, ढीग थरावर थर पसरून आणि उचलताना आडवा कापून ती कमी करता येते. डॅनी क्रिग यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींवर १९५१ मध्ये केलेलं काम आणि पुढे जॉर्ज माथेरॉन यांनी त्याला दिलेला गणिती पाया याच प्रश्नाचा आहे: दोन नमुन्यांच्या मधल्या मातीत काय असेल आणि आपण किती चुकू शकतो. लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या आधी तुमच्या पदवीचा उपयोग इथे आहे.

कुठला माल खनिज म्हणायचा आणि कुठला टाकाऊ, ही सीमा म्हणजे कट-ऑफ. पुष्कळ ठिकाणी ती एकदा ठरवून भिंतीवर लिहिल्यासारखी वागवतात. केनेथ लेन यांनी १९६४ मध्ये दाखवलं की ही सीमा तुमची कुठली क्षमता आधी संपते त्यावर हलते: खणण्याची, धुण्या-चाळण्याची की विकण्याची. गोव्यात याचा धडा सगळ्यांसमोर घडला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, आणि एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला २ कोटी टनांची कमाल मर्यादा घातली. त्याआधी प्रश्न असायचा की हा टन काढला तर खर्च वजा जाता काही उरतं का. मर्यादा आल्यावर प्रश्न बदलला: हा टन काढला तर त्याच्या जागी दुसरा कुठला टन काढता आला असता? एकच डोंगर, एकच माल, पण उत्तर वेगळं. जे जुन्याच कट-ऑफवर हिशेब मांडत राहिले त्यांनी आपला कोटा हलक्या मालात घालवला असता.

आपल्या किनाऱ्याची सगळ्यात मोठी मर्यादा मात्र कुठल्या न्यायालयानं घातलेली नाही. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. परदेशी पुस्तकांतली उत्पादनाची वेळापत्रकं बाराही महिने सारखे धरतात. तुम्ही कामाचा काळ ऑक्टोबर ते मे असे सुमारे २४० दिवस धरा आणि नियोजन ३१ मेपासून उलटं मागे आणा. त्या दिवशी खाण कशी दिसायला हवी? गटारं आणि पाणी साठवायचा खड्डा तयार, पंप सर्वांत खालच्या टप्प्यातून बाहेर काढता येईल असा, वरच्या मातीचे उतार बसवलेले, स्टॅकयार्डमध्ये पावसाळाभर राहणारा माल ठरलेला. हे आधी लिहा, मग एप्रिल, मग मार्च. असं केलं की दिसतं, खनिजावरची माती काढण्याचं काम डिसेंबर-जानेवारीतच उरकायला हवं. सगळे ते मेवर ढकलतात, कारण माती काढण्याचे पैसे मिळत नाहीत आणि खनिजाचे मिळतात. मग एखादा वळीव पडतो, तांबडा रस्ता साबणासारखा होतो आणि अख्खा आठवडा जातो. मेचे दिवस मी गणितात पूर्ण दिवस धरतच नाही.

ओलाव्याचंही तसंच. कुणी म्हणेल, फाइन्स (बारीक खनिज) ओले असले तर वजनात घट धरू, दर कमी घेऊ. हे खर्चाच्या रकान्यातलं काम नाही. जुलै २००९ मध्ये मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट नावाचं जहाज लोहखनिजाचे फाइन्स भरून निघालं आणि कलून बुडालं. एका प्रमाणापलीकडे ओला बारीक माल जहाजाच्या हेलकाव्यानं चिखलासारखा वाहू लागतो आणि एका बाजूला सरकतो. ओलाव्याची सुरक्षित पातळी ही गणितात पक्की मर्यादाच असते. तिला कुठलाही दर लावून ओलांडायची सोय ठेवायची नाही.

जेटीवरून बार्ज जात असतील तर भरती-ओहोटीचं कोष्टक नियोजनात घ्या. भरती रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा येते, त्यामुळे "रोज सकाळी आठला बार्ज" असं वेळापत्रक चार दिवसांत मोडतं. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) जेवढा माल भरून खाडीतून बाहेर पडता येतं, तेवढा भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) येत नाही. हे गणितापेक्षा तांडेलाला, म्हणजे बार्ज चालवणाऱ्याला, जास्त कळतं, त्याच्याकडून शिका. गोव्यात पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा अडवतो म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत नेत. जाळ्यातली एक वाट चार महिने बंद आणि दुसरी लांबची उघडी, वाहतुकीच्या गणिताचं याहून चांगलं उदाहरण वर्गात कुणी दिलं नसेल.

खड्ड्याचा सर्वोत्तम आकार काढायच्या पद्धतीबद्दलही तुम्ही विचारलंत. लर्क्स आणि ग्रॉसमन यांची १९६५ ची रीत सुंदर आहे. डोंगराचे ठोकळे पाडायचे, प्रत्येकाला नफा-तोटा लावायचा, आणि खालचा काढायचा तर वरचे काढावेच लागतात हे बंधन घालून सर्वांत फायद्याचा संच शोधायचा. ती शिका. पण लीज लहान, कडेला वस्ती, खनिज उथळ, अशा खाणीत खड्ड्याचा आकार बराचसा हद्दीनं आणि सुरक्षित उतारानंच ठरून जातो. तिथे आकारापेक्षा क्रम महत्त्वाचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला चांगला चिरेखाणवाला हे शाळेत न शिकता करतो. पुढच्या पट्ट्याची माती तो थेट मागच्या कापलेल्या पट्ट्यात टाकतो. माती एकदाच हलते. मोठ्या खाणींत तीच माती तीनदा उचललेली मी पाहिली आहे, दर वेळी डिझेल जाळून.

शेवटची गोष्ट रस्त्याची. तुमचे टिपर गावातून जातात आणि शाळेपाशी तक्रार आहे, असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याच जणांनी अशा तक्रारीला रुपयांत बसवायचा प्रयत्न केलेला मी पाहिलाय: धूळ झाली की इतके द्या, आंब्याचा मोहोर गेला की तितके. मी ते कधी केलं नाही. सकाळी आणि संध्याकाळी शाळा भरताना-सुटताना पाऊण-पाऊण तास एकही टिपर रस्त्यावर नाही, ही अट म्हणून लिहा. गणित मग स्वतःच वाट काढतं. त्या दीड तासात डिझेल भरणं, टायर बघणं, चहा-जेवण, पोकलेनचं ग्रीसिंग बसवा. ही कामं एरवीही दिवसाचा तास खातच असतात, विखरून. एका खाणीवर आम्ही ही मांडणी केली तेव्हा कागदावर दीड तास जाणार होता आणि प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपासच गेला. डिसेंबर ते फेब्रुवारी मोहोराच्या दिवसांत पाण्याच्या टँकरच्या फेऱ्याही वेळापत्रकात टिपरसारख्याच घाला. नाहीतर टँकर नेहमी उरलेल्या वेळात जातो, आणि उरलेला वेळ कधी उरत नाही.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई नको. रांगेचा तक्ता आणि मिश्रण दोन्ही एक्सेल आणि त्यातल्या सॉल्व्हरवर होतं. पायथन येत असेल तर हिवाळ्यात संगणकावर सिम्युलेशन बांधा. वर लिहिलेल्या पाच वेळा सरासरीऐवजी तुम्ही मोजलेल्या आकड्यांतूनच उचला, म्हणजे घातांकी वितरणाबद्दल (वेळांच्या चढउताराचा पुस्तकातला ठरीव साचा) कुणाशी वाद घालावा लागणार नाही. त्याआधी गणपतीनंतर, पाऊस ओसरताना, स्टॅकयार्डपर्यंतचा रस्ता एकदा पायी चालून या. टिपरला ९ मिनिटं नेमकी कुठे लागतात, कुठल्या वळणावर समोरची गाडी थांबवून वाट द्यावी लागते, ते पावलांनी मोजलेलं असलं की वहीतला प्रत्येक आकडा कुठून आला ते तुम्हाला सांगता येईल.